नळाला लावलेली मोटर

महाराष्ट्रातल्या ज्या शहरांत नळाला चार दिवसांनी किंवा आठ दिवसांनी पाणी येते, तिथे पाणी सुटण्याच्या वेळी एखाद्या गल्लीतून चालत गेले, तर घराघरांतून एकच घरघर ऐकू येते. नळजोडणीला थेट बसवलेल्या विजेच्या मोटरींचा तो आवाज असतो. पहिल्या घराने मोटर बसवली तेव्हा त्या घराची टाकी लवकर भरली आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या घराच्या नळाची धार बारीक झाली. मग टोकाच्या घरानेही मोटर घेतली, मधल्यांनी घेतली, आणि काही वर्षांत सगळ्यांकडे मोटरी झाल्या. जलकुंभातून सुटणारे पाणी पूर्वी होते तेवढेच राहिले. फरक इतकाच पडला, की आता प्रत्येक घर विजेचे बिल अधिक भरते आणि ज्याला मोटर परवडत नाही तो हंडा घेऊन दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. याहून गंभीर गोष्ट जमिनीखाली घडते. मोटरी एकदम ओढू लागल्या की वाहिनीतला दाब घटतो आणि जिथे सांधे झिजलेले असतात तिथून बाहेरचे पाणी, कित्येकदा शेजारून वाहणाऱ्या गटाराचे पाणी, आत शिरते. पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या वस्तीत कावीळ किंवा गॅस्ट्रोची साथ येते, तेव्हा तिच्या मुळाशी अनेकदा असा दूषित पुरवठा सापडतो.

मी हे उदाहरण आरंभी घेतो, कारण समाजाची घडी विसकटू लागली तर आपण काय तयारी ठेवावी हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो, आणि त्याचे उत्तर शोधताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एखादा प्रलय असतो. एका रात्रीत वीज जाते, दुकाने लुटली जातात, रस्ते ओस पडतात आणि ज्याच्या घरात वर्षाचा शिधा आहे तो तरतो, अशी ती कल्पना असते. आपल्याकडे ऱ्हास असा येत नाही. रोज येणारे पाणी एक दिवसाआड येऊ लागते, मग चार दिवसांनी. गावातली शेवटची एसटी बंद होते. प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत उभी असते पण डॉक्टरची जागा रिकामी राहते. पतसंस्थेत ठेव मोडायला गेलेल्या माणसाला पुढच्या महिन्यात या, असे सांगितले जाते. यांतली एकही गोष्ट बातमी होण्याइतकी मोठी नसते. प्रत्येक वेळी माणूस आपापल्या कुवतीप्रमाणे एक मोटर बसवतो आणि पुढे चालू लागतो. माझे म्हणणे असे आहे, की या तयारीतली बरीचशी तयारी हाच ऱ्हासाचा पुढचा टप्पा असतो. जी तयारी दुसऱ्याच्या वाट्यातून ओढून घेते ती आणि जी कुणाचा वाटा कमी न करता आपली सोय करते ती, यांतला भेद करता आला नाही, तर आपण जितके सावध होऊ तितके एकत्रितपणे दुबळे होत जाऊ.

शासकीय यंत्रणेला हा संथ ऱ्हास दिसत नाही, याचे एक कारण तिच्या घडणीतच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, आणि त्यानंतर राज्यात आपत्ती व्यवस्थापनाचा गंभीरपणे विचार सुरू झाला. देशपातळीवरचा आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये, त्सुनामीच्या पुढच्या वर्षी आला. त्याच वर्षी २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. या साऱ्या घटनांना तारीख आहे, वेळ आहे, आणि म्हणून कायद्याची आपत्तीची व्याख्याही घटनेभोवती उभी राहिली आहे. छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीसारखे धरण सुमारे पन्नास किलोमीटरवर असताना नळाला आठवड्यातून एकदा पाणी येण्याची वेळ कोणत्या तारखेला आली, हे मात्र कुणाला सांगता येणार नाही. मनमाडचे रहिवासी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने येणाऱ्या पाण्यावर उन्हाळे काढत आले. त्या स्थितीची घोषणा कधी झाली नाही, म्हणून ती संपल्याची घोषणाही होत नाही. जे जाहीर होत नाही त्यासाठी कृती आराखडा नसतो, निधी नसतो, आणि काही वर्षांनी लोकांच्या स्मरणातही पूर्वीचा रोजचा नळ उरत नाही.

सगळेच खालावत चालले आहे, असा सूर मला लावायचा नाही. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने रोज दहा-बारा तासांचे भारनियमन सोसले. आज ती स्थिती बहुतेक ठिकाणी नाही. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या आणि मुलांना सुकडीवर जगवले. त्यानंतरच्या अर्धशतकात अन्नधान्याचा तसा तुटवडा राज्याने पाहिला नाही. ऱ्हास सरसकट नसतो. तो एका व्यवस्थेत शिरतो, दुसरीत शिरत नाही, कधी मागेही हटतो. म्हणूनच त्याच्याशी लढता येते आणि म्हणूनच तयारीचा विचार भीतीच्या भरात न करता हिशेबाने करायला हवा.

हिशेब न ठेवल्याचे फळ लातूरने २०१६ मध्ये भोगले. मांजरा नदीवरचे धनेगावचे धरण कोरडे पडले, मार्च महिन्यात शहरातल्या पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचा आदेश काढावा लागला, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांहून अधिक होती, म्हणजे त्या पहिल्या गाडीने माणशी दीड लिटरही पाणी आणले नव्हते. पुढे पन्नास वाघिणींच्या, पंचवीस लाख लिटरच्या गाड्या येऊ लागल्या, तेव्हा तो आकडा माणशी साडेसहा लिटरच्या आसपास गेला. साडेतीनशे किलोमीटर अंतर तोडून आणलेले हे पाणी होते आणि ते आणणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांविषयी व मिरजेच्या लोकांविषयी मनात कृतज्ञताच असली पाहिजे. पण ती गाडी येण्याआधीच्या वीस वर्षांत शहराने काय तयारी केली होती, हा प्रश्न उरतोच. लातूरकर हातावर हात ठेवून बसले नव्हते. ज्यांना शक्य होते त्या घरांनी अंगणात विंधनविहीर घेतली होती. एकाची आटली की शेजारी अधिक खोल जात असे, त्याची आटली की पहिला पुन्हा यंत्र बोलावत असे, आणि असे करत काही ठिकाणी सहाशे-आठशे फुटांपर्यंत भोके पडली. शहराबाहेर मांजरेच्या खोऱ्यात ऊस उभा होता. प्रत्येक घर तयार होते आणि शहर मात्र तयार नव्हते.

इथे आपल्या भूमीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळासारखा तो पाणी साठवत नाही. वरच्या झिजलेल्या थरात, मुरुमात, म्हणजे साधारण तीस-चाळीस फुटांच्या पट्ट्यात जे पाणी मुरते तेच आपल्या आडांचे आणि विहिरींचे खरे धन; ते दर पावसाळ्यात भरते आणि उन्हाळ्यात ओसरते. त्याखालचा खडक घट्ट आहे, आणि त्यातल्या फटींत जे काही पाणी आहे ते साचायला फार काळ लागलेला असतो. विंधनविहीर त्या फटींतले जुने पाणी काढते आणि काही वेळा वरच्या थरातले पाणीही खाली ओढून नेते. जुनी माणसे सांगतात, की बहात्तरला धान्य नव्हते पण विहिरीला पाणी होते, आता धान्य आहे तर पाणी नाही. हे स्मरणरंजन म्हणून सोडून देण्यासारखे नाही. त्या एका वाक्यात राज्याच्या भूजलाचा पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

याच बहात्तरच्या दुष्काळाच्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी खडक फोडणारी यंत्रे गावोगाव पोहोचली आणि हापसे उभे राहिले. हापशाचा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, आणि तो या विषयाशी जवळून निगडित आहे. आरंभी बसवलेले बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी बेतलेले होते. गावाने दिवसभर हापसल्यावर ते मोडू लागले आणि लाखो रुपये खर्चून खणलेली भोके निकामी पडली. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनरी संस्थांच्या कार्यशाळांत काही कारागिरांनी त्यावर उपाय शोधला, पोलादी बांधणीचा दणकट पंप घडवला, आणि सोलापूरच्या त्या पंपावरूनच पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप तयार झाला, जो युनिसेफच्या साहाय्याने देशभर आणि आफ्रिकेतही गेला. कोणत्याही गावात उभा राहील, इतकी ती रचना सोपी होती. नंतर त्याच पाण्यात विजेचे पाणबुडी पंप उतरले, पाण्याची पातळी हापशाच्या आवाक्याखाली गेली, आणि आज कित्येक गावांत देवळाजवळचा हापसा खालीवर केला तर नुसती हवा येते. सार्वजनिक तयारी शाबूत होती, ती आटली ती खासगी तयारीमुळे. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा खोल विंधनविहिरींवर निर्बंध आहे, आणि तरीही उन्हाळ्यात रात्री-बेरात्री गाड्या येऊन दोन-तीनशे मीटर खणून जातात, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असते.

हीच चाल इतर व्यवस्थांतही दिसते. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा गावांतून वडापच्या जीपगाड्यांनी लोकांची ने-आण केली आणि ती सोय नसती तर हाल झाले असते. परंतु वडाप भरलेल्या फेरीलाच धावते. दुपारच्या रिकाम्या फेरीला, आडवाटेच्या वाडीला, पास असलेल्या शाळकरी मुलीसाठी ती थांबत नाही. आणि भरलेली फेरी तिने नेल्यावर एसटीच्या वाट्याला तोट्याची फेरी उरते, जी पुढच्या वेळापत्रकात गळते. शुद्ध पाण्याचे जार आणि खासगी शिकवण्या यांची कथा वेगळी नाही. बाहेर पडणाऱ्यांत बोलता येणारी, तक्रार लिहिता येणारी माणसे आधी असतात, आणि ती बाहेर पडली की मागे राहिलेल्या व्यवस्थेला जाब विचारणारे कुणी उरत नाही.

यावर रास्त आक्षेप असा आहे, की नगरपालिका सुधारेपर्यंत माणसाने लेकरांना तहानलेले ठेवायचे काय? ज्याच्या घरात आजारी आई आहे त्याने इन्व्हर्टर घेऊ नये काय? अवश्य घ्यावा. मी घरच्या तयारीच्या विरोधात नाही. उलट ती आज फारच अपुरी आहे असे मला वाटते. आपल्या समाजाला ही गोष्ट नवीही नाही. कोकणात आगोट भरण्याची रीत आहे: मृगापूर्वी तांदूळ, डाळी, मीठ, सुकी मासळी, आमसुले, लाकूडफाटा घरात आला पाहिजे, कारण एकदा पाऊस लागला की नदीनाल्यांपलीकडचा बाजार तुटतो. गोव्यात त्याच बेगमीला पुरुमेत म्हणतात आणि मे महिन्यात तिची फेस्तेही भरतात. देशावर उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरून, एरंडेल चोळून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवतात. पूर्वी ते कणगीत आणि पेवात ठेवत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या धसक्याने दुकानांपुढे ज्या रांगा लागल्या, त्या पाहिल्यावर या जुन्या रीतीतले शहाणपण अधिक जाणवते. जो पीक निघाल्यावर, भाव उतरलेले असताना साठवतो, तो बाजाराला हातभारच लावतो. जो टंचाईच्या दिवशी पाच पोती उचलतो, तो मागच्याच्या ताटातले घेतो. धान्य तेच, पोती तीच, फक्त साठवण्याचा दिवस वेगळा, आणि त्यावरून एकाला बेगमी म्हणायचे की साठेबाजी, हे ठरते.

पाण्याचेही तसेच आहे. आपत्तीकाळातल्या मदतकार्यात माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी धरतात; पाच माणसांच्या घराला आठवड्यासाठी सव्वापाचशे लिटर लागतात, आणि एवढी झाकलेली साठवण बहुतेक पक्क्या घरांत करता येते. सातशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात एक हजार चौरस फुटांच्या छपरावर वर्षाकाठी सुमारे ६५ हजार लिटर पाणी पडते. त्याचा अर्धा भाग जरी टाकीत किंवा आडात उतरवला तरी त्या घराच्या उन्हाळ्याचे रूप बदलते आणि शेजाऱ्याची विहीर आटत नाही, उलट भरते. रक्तदाब, मधुमेह, दमा यांची महिनाभराची औषधे हाताशी असावीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर आणि सांगली पाण्याने वेढली गेली, पुणे-बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, तेव्हा औषधांच्या गाड्याही अडकल्या होत्या. त्याच पुरात कोल्हापूरची पाणी उपसा केंद्रे बुडाल्यामुळे चहूकडे पाणी असताना नळ कोरडे पडले होते, हेही विसरू नये. दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत, कारण मोबाइल मिटला की आपल्याला सख्ख्या भावाचा क्रमांकही आठवत नाही. घरातल्या एकाला तरी जखम बांधता यावी, शुद्ध आणि श्वास हरपलेल्या माणसाची छाती दाबता यावी, गॅसची नळी बदलता यावी. यांतल्या एकाही गोष्टीने कुणाचे काही कमी होत नाही.

पैशाच्या बाबतीत तयारी म्हणजे नोटांचा ढीग, अशी समजूत आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री तो ढीगही कागद झाला, कारण चलनातल्या मूल्याच्या ८६ टक्के नोटा एका घोषणेने बाद ठरल्या. दुसऱ्या बाजूला सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना आरंभी सहा महिन्यांत अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ती मर्यादा नंतर टप्प्याटप्प्याने वाढली, पण ज्यांचे निवृत्तीचे सारे पैसे एकाच बँकेत होते त्यांना त्या आठवड्यांनी पार खचवले. ठेवींवरचे विमासंरक्षण फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेले, आणि निर्बंध आल्यास नव्वद दिवसांत ती रक्कम देण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली. या दोन्ही सुधारणांमागे ठेवीदारांचा आक्रोश होता. दोन बँकांत खाती आणि महिनाभराच्या खर्चाइतकी लहान नोटांतली रोकड, इतके सामान्य घराला पुरेसे आहे. त्यापलीकडचे संरक्षण कपाटात मिळत नाही. ते कायद्याने मिळते आणि कायदा भांडून मिळवावा लागतो.

कायदा आणि नियम माहीत असणे ही तयारी आहे, हे महाराष्ट्राला दीडशे वर्षांपूर्वी उमगले होते. १८७६-७७ च्या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेने आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवून पिकांची, धान्याच्या भावांची, स्थलांतराची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे व लोकांपुढे ठेवली. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या त्या उद्योगाला आज आपण आकडेवारी म्हणू. १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून शेतकऱ्याला दुष्काळसंहितेतले त्याचे हक्क समजावून सांगितले, पीक बुडाले असेल तर सारा माफ करून घेण्याचा तुझा अधिकार आहे, हे त्याच्यापर्यंत पोहोचवले. उपाशी माणसाला अन्नाआधी नियम सांगणे काहींना क्रूर वाटेल, पण दुष्काळी मदत ज्या नियमाने मिळते तो नियम ठाऊक नसल्यामुळे तेव्हा माणसे मेली आणि आजही वंचित राहतात. गावाला टँकर कोणत्या निकषावर मिळतो, तो मंजूर करण्याचा अधिकार कुणाकडे आहे, नोंदवहीत त्याच्या किती खेपा लिहिल्या आहेत आणि प्रत्यक्षात किती आल्या, हे विचारणारी दोन माणसे ज्या गावात असतात त्या गावाला पाणी मिळते.

याच परंपरेतून, मला वाटते, या राज्याने केलेली सर्वांत मोठी तयारी जन्मली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला होता. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा निदान कल्पना हाताशी होती, आणि १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. बंडिंग, रस्ते, पाझर तलाव, खडी फोडणे, अशी ती कामे होती. मजुरी तुटपुंजी होती आणि उन्हात लहान मुले झाडाखाली झोळीत टांगून बाया खडी फोडत होत्या, हे विसरता येत नाही. पण इतक्या भीषण अवर्षणात दुष्काळबळींची ती जुनी रास पडली नाही. पुढे हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून अमलात आला. त्यासाठीचा पैसा उभा करताना १९७५ मध्ये शहरांतल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला. आज पगाराच्या चिठ्ठीत महिन्याला दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाला अडीच हजार, अशी जी कपात दिसते, तिचा उगम तिथे आहे. मुंबईतल्या कचेरीत बसणाऱ्याने मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाईट वर्षासाठी दर महिन्याला थोडे बाजूला काढायचे, ही ती कल्पना. इतक्या वर्षांत ती कपात उरली आणि तिचे कारण आपण विसरलो, याचे मला वाईट वाटते, कारण कारण आठवणारा माणूस तो पैसा कुठे गेला हेही विचारतो.

विजेच्या टंचाईतही अशी वाट एकदा सापडली होती. २००६ मध्ये पुण्यातल्या उद्योगांकडे स्वतःची जनित्रे होती आणि शहर मात्र भारनियमनाखाली होते. भारतीय उद्योग महासंघाने पुढाकार घेतला, प्रयास ऊर्जा गटासारख्या अभ्यासकांनी हिशेब तपासला, वीज नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणी झाली, आणि असे ठरले की उद्योगांनी गर्दीच्या वेळी आपली जनित्रे चालवून वीजवहनाच्या जाळ्यावरचा भार कमी करावा आणि डिझेलचा वाढीव खर्च अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी थोडा थोडा वाटून घ्यावा. प्रत्येक घराने स्वतंत्र इन्व्हर्टर घेतला असता तर खर्च कितीतरी अधिक झाला असता, आणि बॅटरी भरण्यासाठी त्याच टंचाईच्या जाळ्यावर उलट भार पडला असता. ही योजना निर्दोष नव्हती. ज्या शहराकडे उद्योग आणि पैसा होता त्याचीच त्यातून सुटका झाली आणि तेव्हाही जुन्नर-आंबेगावच्या वाड्या अंधारातच होत्या, हा तिच्यावरचा आक्षेप मला मान्य आहे. तरीही खासगी साधने सार्वजनिक गरजेला जोडण्याचा तो नमुना आहे, आणि तो भाषणांतून न येता सुनावणीच्या कागदांतून आला.

संकट ओसरते त्याच काळात तयारी करावी लागते, ही गोष्ट आपल्याला सर्वांत अवघड जाते. कोरोनाची पहिली लाट उतरू लागली तेव्हा, सप्टेंबर २०२० मध्ये, नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी प्राणवायू निर्मितीचा प्रकल्प उभा केला आणि पुढे त्यात भर घातली. त्या वेळी तो खर्च अनाठायी वाटला असता तरी नवल नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठ्या शहरांतली रुग्णालये टँकरची वाट पाहत होती तेव्हा नंदुरबारला प्राणवायू होता. याउलट मुंबईचे उदाहरण आहे. राज्याच्या जाळ्यात बिघाड झाला तर शहर त्यापासून तोडून घ्यावे आणि आपल्या जनित्रांवर चालावे, अशी व्यवस्था मुंबईसाठी १९८१ पासून होती आणि तिचा अभिमानही बाळगला जात असे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ती कोलमडली, लोकलगाड्या रुळांवर थांबल्या आणि कित्येक तास शहर विजेविना राहिले. चाळीस वर्षांत शहराची मागणी वाढत गेली होती, आतली निर्मिती त्या मानाने वाढली नव्हती. तयारी एकदा करून ठेवता येत नाही. तिची दरसाल मोजणी करावी लागते.

मोजणीच्या या कामासाठी मला अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारकडे पाहावेसे वाटते. त्या गावाचे कौतुक पुष्कळ झाले आहे, आणि एका हजार-बाराशे वस्तीच्या गावातले नेतृत्व दुसरीकडे उचलून नेता येत नाही, हेही खरे. परंतु तिथल्या एका रीतीला नेतृत्वाची गरज थोडी आणि फळ्याची अधिक आहे. पावसाळा संपला की किती पाऊस पडला, किती मुरला, माणसांना आणि जनावरांना किती लागणार, शेतीला किती उरणार, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि मग रब्बीला काय पेरायचे ते ठरते. शेतीसाठी विंधनविहीर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, हे निर्णय त्या ताळेबंदातून आले म्हणून टिकले. ज्याला आकडा दिसतो तो शेजाऱ्यावर थोडा अधिक विश्वास ठेवतो, कारण शेजारी किती उपसतो हे त्याला ठाऊक असते. नळाच्या मोटरीमागेही मूळ कारण अविश्वासच आहे: समोरच्याने लावली असणार, मग मी का लावू नये?

ती मोटर काढण्याचा प्रयत्न नगरपालिका अधूनमधून करतात. पथके फिरतात, पाचपन्नास मोटरी जप्त होतात, आठ दिवसांनी पुन्हा बसतात. माझ्या मते उलट दिशेने जावे लागेल. प्रभागात कोणत्या जलकुंभातून कोणत्या दिवशी किती वाजता किती पाणी सुटले आणि शेवटच्या घरापर्यंत किती दाबाने पोहोचले, हे प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी लिहिले गेले पाहिजे, आणि ते लिहिण्याचे काम पालिकेचा वॉलमन व गल्लीतले दोन रहिवासी यांनी मिळून केले पाहिजे. यासाठी एक फळा, एक दाबमापक आणि महिन्याला एक बैठक लागते. गावात हेच काम दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत व्हायला हवे, विहिरी तुडुंब असताना, कारण वाटणीचा निर्णय तेव्हाच शांतपणे घेता येतो; मे महिन्यातल्या सभेपुढे टँकरच्या मागणीखेरीज दुसरा ठराव येऊ शकत नाही. यंदाच्या त्या सभेत पहिला प्रश्न गेल्या वर्षी गावात नव्याने किती भोके पडली आणि त्यांतली साठ मीटरच्या खाली किती गेली, हा असावा, आणि उत्तर देताना ग्रामपंचायतीसमोर विंधनविहिरींची नोंदवही उघडलेली असावी.